टॉवेलाखालची बोली

शिरूरचे हौसराव मुलीची सोयरीक जमवताना एकच खोटं बोलले होते, आणि सोयरिकीच्या बैठकीत तेवढं म्हणजे भाजीतलं मीठ. निमोण्याचे मारुतराव, म्हणजे होणारे व्याही, सहज म्हणाले, "आमची मोटर हाय, दौंडला दुरुस्तीला टाकलीया." त्यावर हौसरावांच्या तोंडून निघून गेलं, "आमचीबी तिथंच हाय."

साखरपुडा आठ दिवसांवर आला. दारात मोटर नसली तर लेकीची, धुरपदाची सोयरीक मोडणार, या विचारानं हौसरावांना भाकर गोड लागेना. अशात कळलं, दौंडला कुणा बुडालेल्या कंत्राटदाराची काळी मोटर लिलावात निघते आहे. त्यांनी बन्यामीनला गाठलं. तो मिशनची मोटर वीस वर्षं हाकत होता. तालुक्यात इंजिनाच्या पोटातलं कळणारा एवढा एकच माणूस.

"भाऊ, बोली तुम्ही बोलायची. माझं नाव निघता कामा न्हाई."

"का बरं?"

"माझी मोटर दुरुस्तीला हाय न्हवं? मी टॉवेलाखालनं तुमचं बोट दाबीन. एक दाब म्हंजी पंचवीस रुपये."

बैलबाजारात भाव असाच होतो. तो तोंडानं बोलणं म्हणजे चारचौघांत बायकोला नावानं हाक मारणं.

दौंडला मोटरीपाशी पहिले दिसले ते मारुतराव.

"तुम्ही हिकडं कुठं?" हौसराव म्हणाले.

"दुरुस्तीचं बघाया आलो व्हतो. तुम्ही?"

"मीबी त्येच."

मग दोघांनी मोटरीकडं तुच्छतेनं पाहिलं.

"काय खटारा हाय!"

"कोंबड्याबी बसायच्या न्हाईत हिच्यात."

बन्यामीननं ते ऐकलं. बैलाच्या दातांना जो जास्त नावं ठेवतो, त्याच्याच पिशवीत दावं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात मारुतरावांनी त्याला पानाच्या निमित्तानं बाजूला नेलं आणि टॉवेल, बोट, पंचवीस आणि गुप्त नाव हीच योजना जशीच्या तशी सांगितली. बन्यामीनला नाही म्हणता येत नसे. हात मात्र दोन होते.

लिलाव सुरू झाला. बन्यामीनच्या दोन्ही हातांशी दोघं टॉवेल टाकून, एकमेकांकडं बघायचं टाळत उभे राहिले. एक कांद्याचा व्यापारी सहाशेला थांबला.

"सव्वासहाशे," बन्यामीन म्हणाला. लगेच, "साडेसहाशे."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, स्वतःवरच काय चढताय?"

"हे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे, साहेब."

"कोण दुसरा?"

"नाव सांगायचं नाही, असं कबूल केलंय. दोघांनाही."

पुण्याचा कुणी शेठ असणार, असं हौसरावांना वाटलं. मारुतरावांनाही तसंच वाटलं. दोघंही ईर्ष्येला पेटले आणि बन्यामीनची बोटं लाल झाली. सातशे, आठशे, नऊशे. एवढ्या वेळात तिसरा कोणी बोललाच नव्हता.

कारकून वैतागला. "हे चालायचं नाही! हात वर करून बोली बोला. नियम आहे."

नियम म्हटल्यावर बन्यामीननं दोन्ही हात वर केले. त्यांच्याबरोबर दोन टॉवेल वर गेले आणि त्याची बोटं घट्ट धरलेले दोन होणारे व्याहीही चवड्यांवर उभे राहिले.

गर्दी खो खो हसली. व्याही हसले नाहीत. मारुतरावांनी विचारलं, "हौसराव, तुमची मोटर कुठल्या ग्यारेजात हाय म्हणालात?"

"तुमच्या मोटरीच्या शेजारीच."

मारुतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग आता सोयरीक मोडायची म्हणता?"

"मोडून काय करू? निमोण्यात जाऊन समद्यास्नी सांगाल."

"आन् तुम्ही शिरूरच्या बाजारात सांगाल."

एकमेकांचं इतकं ठाऊक असलेली माणसं परकी ठेवणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. साखरपुडा ठरल्या दिवशीच करायचा, असं मोटरीच्या बॉनेटवर हात ठेवून ठरलं. कारकुनानं विचारलं, नऊशे कोणाच्या नावावर लिहू? दोघं एकदमच म्हणाले, "व्याह्यांच्या."

अखेर पावतीवर दोन्ही नावं पडली. बन्यामीननं हँडल मारलं, मोटर खोकली आणि चालू लागली. मागं दोन खिडक्यांतून दोन कोपरं बाहेर आली. त्या दिवशी शिरूरच्या वाटेवर डाव्या हाताच्या गावांनी ती मोटर मारुतरावांची समजली, उजव्या हाताच्या गावांनी हौसरावांची.