रक्तानं कुणाचं नाव घेतलं

"आजून किती रक्त काढायलीस, बाई? माणूस हाय, बोअर न्हाई."

असं म्हणत नागुबाईनं नवऱ्याचा हात मात्र स्वतःच पुढं सरकवला. डॉक्टर निकिता हसल्या. सिद्धलिंगअप्पा डावं अंग लुळं पडून परभणीच्या या दवाखान्यात आले होते.

"मेंदूच्या नळीत गुठळी अडकली, आजी. ती निघाली कुठून, ते शोधायचंय. रक्तातून कधीकधी सुगावा लागतो."

सुगावा. नागुबाईला हाच शब्द पाहिजे होता. चोर तिला आधीच ठाऊक होता.

*

सून. वैजयंती.

झटक्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं अप्पांना गुडघ्यासाठी काढा पाजला. सकाळी गंगाखेडच्या बाजारात दुकानाचं शटर उचलता उचलता अप्पा कलले. नागुबाईनं दोन्हीची गाठ मारली आणि सुनेला माहेरी, राणीसावरगावच्या गाडीत बसवलं.

"आत्याबाई, सुंठ अन् गुळवेल होता वो त्यात."

"रक्त सांगंल काय होतं ते."

मुलगा शिवप्रकाश मधे पडला नाही. तो कशातच पडत नसे.

*

मशीन.

छातीला चिकट्या, चिकट्यांना वायरी. दिवसरात्र ठोके टिपणारं. काढायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही.

पाणी नाही म्हणजे अंघोळ नाही. अंघोळ नाही म्हणजे पूजा नाही. पूजा नाही म्हणजे अप्पांच्या तोंडात चहाचा घोट नाही. परगावी मुक्काम असला तरी गळ्यातलं इष्टलिंग आधी तळहातावर, मग बाकीचं जग.

नागुबाईनं पडदा ओढला. चिकट्या सोडवल्या. ओल्या पंच्यानं अंग पुसलं, छातीला भस्म लावलं. लिंग ठेवायचं ते डाव्या तळहातावर, आणि तोच वळेना. तिनं खालून आपला हात लावला. दुसरा त्यांच्या छातीवर टेकवला.

छातीत...

ते तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही. चिकट्या होत्या तशा परत दाबल्या.

*

"रक्तात एक गोष्ट वाढलीय," डॉक्टर सांगत होत्या. "हृदयावर ताण आला की ती वाढते. मानेच्या नळ्या स्वच्छ आहेत. गुठळी हृदयातून सुटली असावी, असा मला संशय आहे."

"अन् इख?"

"काय?"

"इख न्हाई घावलं रक्तात?"

डॉक्टरांनी शिवप्रकाशकडं पाहिलं. शिवप्रकाशनं फरशीकडं.

"आजी, विष शोधायला नव्हतं घेतलं रक्त. आणि अप्पांचं दुखणं विषाचं नाही. पण रक्त नुसतं बोट दाखवतं. ठोके बिघडलेले मशीनमधे दिसले असते, तर रक्त पातळ करायची गोळी लगेच ठरली असती. उगाच दिली तर रक्तस्रावाची भीती. गरज असून दिली नाही, तर दुसरा झटका." त्यांनी मशीनचा कागद पुढं केला. "मशीन म्हणतंय, ठोके सरळ. फक्त सकाळचा थोडा भाग कोरा आहे. काढलं होतं का कुणी?"

नागुबाईनं नर्सवर संशय घेऊन पाहिला. मग मशीनवर. मग या एवढ्याशा पोरीच्या डॉक्टरकीवर. एकावरही तो बसेना.

"माय," शिवप्रकाश म्हणाला, "काढलं होतंस का?"

"पूजेपुरतं." तिनं अप्पांच्या छातीकडं बोट केलं. "तवा छातीत पाखरू कोंडल्यावानी व्हायलं होतं. थांबायचं, फडफडायचं, पुन्ना थांबायचं. मला वाटलं, काढाच हाय आतमधी."

डॉक्टर उठल्याच. "नोंद बघायला काढलेलं मशीन आत्ता परत लावू. पूजा होऊ द्या, पण मशीनसकट. अप्पा, चालेल ना देवाला?"

अप्पांनी वाकडं झालेलं तोंड कसंबसं हलवलं. "देवाचं काय न्हाई. हिला इचारा."

शिवप्रकाश बसस्टँडकडं निघाला होता. कुठल्या गावच्या गाडीला, ते नागुबाईनं विचारलं नाही.

*

सकाळी भस्माची बोटं वायरींच्या मधून फिरली. लिंग तळहातावर आलं आणि तळहात कलला. वायरी सांभाळत नागुबाईला तो सावरता येईना.

दारात वैजयंती उभी होती. आत येईना.

"ये. खालून धर," नागुबाई वळून न बघता म्हणाली.

वैजयंती जवळ आली. "धुतलेत, आत्याबाई," म्हणाली, आणि झडती द्यावी तसे दोन्ही हात आधी पुढून, मग मागून दाखवले.

मान खाली घालून नागुबाई बाजूला सरकली.