खोटं सुतक

माझ्या आईला, गोदावरीबाईंना, अकोल्याच्या एका सभेला जायचं होतं, आणि पन्नास वर्षांत तिला कोणी बोलावलं नव्हतं. आणीबाणीत तुरुंग भोगलेली माणसं दर जूनमध्ये तिथं जमतात, एकमेकांना हार घालतात, जुन्या गोष्टी वाढवून सांगतात. माझे वडील उद्धव गुरुजी त्यांच्याच गटातले. पण ते तुरुंगात गेले नाहीत, आणि तोच त्यांचा गुन्हा ठरला.

बाबा जुन्या शहरात भिक्षुकी करायचे. सरकारविरोधी पत्रकं पोथीच्या रुमालात बांधून सत्यनारायणाच्या निमित्तानं घरोघर पोचवायचे. ऐन श्रावणात एका पहाटे पोलिसांनी त्यांचा सगळा गट उचलला. बाबांना कोणी हात लावला नाही. वर बाबांनी काय करावं, तर घरात सुतक आहे म्हणून दारात येईल त्याला बाहेरूनच परत पाठवलं. त्या धरपकडीतून निसटलेले एकटे पंजाबराव, बाबांचे जिवाभावाचे मित्र, संध्याकाळी आसऱ्याला आले. त्यांनाही बाबांनी शिव्या देऊन हाकललं.

मेलं तर कोणीच नव्हतं. मी पाळण्यात होते, आजी ठणठणीत होती, भाऊबंदांतही सगळे खाऊनपिऊन सुखी. ही गोष्ट गावाला कळायला वेळ लागला नाही. पुढं पंजाबराव पकडले गेले, सुटले, आणि सुटल्यावर चारचौघांत म्हणाले, की ज्याच्या घरी कोणी मेलं नाही तो भटजी सुतक कोणाचं धरतो? मित्रांचं. यानंच आम्हाला विकलं.

झालं. खबऱ्याच्या हातून पूजा कोण करून घेणार? यजमान एकेक करून तुटले. बाबा पंजाबरावांकडे सगळं सांगायला गेले होते, पण त्यांनी दार लावून घेतलं. मग आम्ही अमरावतीला आलो. बाबा शाळेत संस्कृत शिकवत राहिले आणि साठी गाठायच्या आत गेले. खरं काय ते आईला ठाऊक होतं, ती सांगतही होती. पण नवऱ्याची बाजू बायकोनं घेतली, तर तिला साक्ष कोण म्हणतं?

मी वकील झाले ती बहुधा याच रागातून. माझी जीभ तिखट आहे असं कोर्टात म्हणतात, म्हणोत बापडे. गुप्तवार्ता खात्याच्या जुन्या फायलीत बाबांबद्दल काय आहे ते द्या, असा अर्ज मी केला. राज्याच्या सुरक्षेचं कारण देऊन तो फेटाळला. अपील केलं, तेही फेटाळलं. पोथ्या वाहणाऱ्या भिक्षुकामुळं राज्य आज कसं काय धोक्यात येतं, हे मी इतक्यांदा विचारलं की मला पाहून तिथले कारकून चहाला उठायचे.

शेवटी खात्यानंच आणीबाणीतले कागद तपासून खुले करायचं ठरवलं. त्या कामावर धर्मेंद्र नावाचे एक निवृत्त अधिकारी होते. एकेक पान वाचायचं, यानं आज देशाचं काही बिघडतं का ते बघायचं, झाकायचं त्यावर काळी पट्टी मारायची आणि बाकीचं मोकळं करायचं, असं ते काम. त्यांनी मला बोलावून दोन पानं हातात ठेवली. पाहते तो पट्ट्याच पट्ट्या. माझं अवसानच गळालं. पंजाबराव काय म्हणतील ते मला तिथं बसल्या बसल्या ऐकू येत होतं.

मी विचारलं, या पट्ट्यांखाली कोण आहे? ते शांतपणे म्हणाले, "ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. नियम मात्र सांगतो. ज्यानं खात्याला खबर दिली, त्याचं नाव तो मेल्यावरही आम्ही झाकतो. पुढं कोणी आमच्यावर भरवसा ठेवावा ना. ज्याच्यावर पाळत होती, त्याचं नाव मोकळं सोडतो."

मी पुन्हा पानं पाहिली. बाबांचं नाव ओळीओळीत उघडं होतं. वाचलं, परत वाचलं, आणि त्या परक्या माणसासमोर मी चक्क रडले. मग डोळे पुसून म्हटलं, हा नियम मला लेखी द्या. त्यांनी शिक्क्यासकट दिला.

जूनमध्ये आईला गाडीत घातलं आणि बिनबोलावता अकोला गाठलं. पंजाबराव अध्यक्ष होते. वय झालं होतं, पण आवाज तसाच खणखणीत. मी पाच मिनिटं मागितली. लोक कुजबुजले, तरी काळा कोट बघून कोणी अडवलं नाही. मी पहिलं पान वाचायला लागले आणि पट्ट्यांचं सांगितलं, तशी पंजाबरावांनी मला मधेच तोडलं.

"पोरी, त्या पट्टीखाली तुह्या बापाचंच नाव असन."

मी नियमाचा कागद वाचला. मग मूळ ओळ वाचली. अमुक इसमाकडून, म्हणजे काळ्या पट्टीकडून, असं समजतं की उद्धव गुरुजी हे पत्रकं वाटतात. त्यांना मुद्दाम अटक करू नये, बाहेर ठेवून त्यांच्याकडे कोण येतं ते पाहावं. एकाच ओळीत एक नाव झाकलेलं आणि एक उघडं.

"म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होते माझे बाबा," मी म्हटलं. "आणि ते त्यांना कळलं होतं. आता दुसरं पान ऐका."

मी पान उलटून वाचलं. "सदर इसम घरात सुतक असल्याचे सांगून येणाऱ्यास दारातूनच परत पाठवितो. चौकशीअंती घरात कोणीही मयत नसल्याचे समजते. सबब त्यास पाळतीची कल्पना आलेली दिसते. सायंकाळी आलेला एक तरुण ओळख पटण्याआधीच निघून गेला. त्याचा शोध लागला नाही. पाळत उठवावी."

श्रावणात भिक्षुकानं सुतक सांगणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत बैल विकणं. सुतकातला भटजी कोणाच्या देवाला शिवत नाही आणि सुतकाच्या घरात कोणी पाणीही पीत नाही. घरासमोर पाळतीला बसलेल्या पोलिसाला लगेच संशय येऊ न देता सगळ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायला बाबांना एवढा एकच उपाय होता. त्यासाठी त्यांनी देवाधर्माशी खोटेपणा केला आणि घरचा श्रावण घालवला. हेच आई जन्मभर सांगत आली होती.

पंजाबराव उठले. मग काठी टेकत व्यासपीठ उतरले आणि आईच्या खुर्चीपाशी आले.

"वैनी, तो तरुण मी होतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशी मले घरात घेतलं असतं, तर तवाच धरलो गेलो असतो. दिवाईपर्यंत बाहेर राहून काम केलं म्या, ते त्याच्यापायी. अन् मीच त्याले खबऱ्या म्हणलं."

हात जोडताना त्यांची काठी पडली. ती कोणी उचलली नाही. मला वाटलं, आई आता रडणार, क्षमा करणार. तिनं पदर नीट केला.

"मले काय सांगता? मले तं माहीतच होतं," ती म्हणाली. "तवा चारचौघांत बोलले होते ना? आताबी तसंच बोला. माईकवर."

पंजाबराव पुन्हा वर चढले. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "उद्धव गुरुजी खबऱ्या नव्हते. ते होते म्हणून मी वाचलो. मी पन्नास वर्षं खोटं बोललो." पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला, मग दुसरा, मग सगळी रांगच. एवढा आनंद मला एकही खटला जिंकून झाला नव्हता.

आई मात्र बसूनच होती. ती मान वळवून मागच्या रांगांकडे पाहत होती.

"अजून एकदा बोला, पंजाबराव," ती म्हणाली. "मांगच्याईले आयकू गेलं नसन."