बघून घेतो

माझ्या दारात सिमेंट टाकू दिलं न्हाई म्हनून लोक मला भांडकुदळ म्हनत्यात. म्हनू द्या. दार माझं हाय, उंबरा माझा हाय, आन त्या दिशी तोंडबी माझंच कामाला आलं.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला तवा नारळ फोडायला मीच पुढं होते. पर ह्या लोकांनी काय केलं, जुना रस्ता खोदलाच न्हाई. त्याच्यावरच मुरूम टाकला, दाबला, आन सिमेंट सांडू न्हाई म्हनून दोन्ही बाजूनं लोखंडी चॅनल उभं केलं. त्या चॅनलच्या वरच्या काठापतुर सिमेंट येनार. माझा उंबरा त्याच्या इतभर खाली. म्हंजी पावसाळ्यात समद्या गल्लीचं पानी माझ्या घरात मुक्कामाला.

सकाळी सिमेंट कालवायचं मशीन येऊन उभं ऱ्हायलं. मी कामावरच्या इंजिनेराला गाठलं. सुदर्शन नाव त्याचं, पुण्याकडचा, नवाच लागलेला. आमचे मालक मानिकप्पा शेतात गेलते, म्हनून मीच बोलले.

"साहेब, रस्ता वर चालला आन माझं घर खाली चाललं. काय तरी करा."

त्याचं डोकं मोबाईलात. वर न बघताच म्हनला, "मावशी, तुमचं मी बघून घेतो."

आता तुमीच सांगा, आमच्याकडं 'बघून घेतो' कवा म्हनत्यात? बांधावरून डोस्की फुटायची येळ आली की. इलेक्शनला पडलेला मानूस जिकलेल्याच्या दारात उभा ऱ्हाऊन म्हनतो, ते 'बघून घेतो'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय बघून घेतो रं? घरात बापय न्हाई म्हनून दम देऊन राहिलास व्हय?"

"अहो मावशी, मी दम कुठं दिला?"

"मग आत्ता काय आरती म्हनलास?"

शेजारचा शेषेराव भांडनाला कायम तयार. त्यानं मशीनची चावी काढून बंडीच्या खिशात घातली. बाया जमल्या, पोरं जमली. सुदर्शन घाबरला आन त्यानं घाबरल्या मानसानं करू न्हाई तेच केलं. फोन कानाला लावून म्हनला, "सर, गावकऱ्यांनी काम अडवलंय. पोलीस बोलवू का?"

पोलीस म्हनल्याबरूबर शेषेरावच्या हातात फावडं आलं.

तवा मजुरांचा मुकादम संगप्पा मधी पडला. मानूस सीमेवरचा, निम्मा कानडी. "अव्वा, थांब जरा. हे पोरगं धमकी देऊन नाही राहिलं. त्यांच्याकडं 'बघून घेतो' म्हंजी फिकीर करू नका, काम करून देतो."

"खरं का रं?" मी इचारलं.

"हो. तेच म्हणत होतो मी," सुदर्शन म्हनला.

हे ऐकून तर मी जास्तीच भडकले. दम दिला असता तर परवडला असता, दम देनारा निदान डोळ्यात तरी बघतो. ह्यो माझी फिकीर करनार आन ह्यानं माझ्या दाराकडं एकदा बी मान वळवली न्हवती.

"बघून घेतो म्हनलास न्हवं? मग ये आत. बस खाली आन घे बघून."

त्याला उंबऱ्याच्या आत भुईवर बसवलं. बसला बिचारा, पिशवी मांडीवर घेऊन. मी रांजनातून घागर भरली आन बाहेर येऊन चॅनलच्या काठावरून ओतली.

"महानंदे, येडी झालीस का?" शेजारची कस्तुराबाई वरडली. "नळ कवा येईल मालूम हाय का तुला?"

मालूम होतं की. तरी दुसरी ओतली, तिसरी ओतली. आधी माती पानी पीत होती. मग चॅनल आन उंबऱ्याच्या मधी तळं साचलं. मग पानी उंबरा वलांडून सरळ सुदर्शनच्या बुडाखाली गेलं.

तो उठला. "कळलं मावशी. पण माझ्या हातात नाही. रस्त्याची उंची वरून ठरलीय."

"मग ज्याच्या हातात हाय त्याला लाव फोन. समद्यांना ऐकू येऊ दे."

त्यानं लावला. "सर, इथल्या लोकांचं म्हणणं असं आहे की..."

"आमचं म्हननं राहू दे," मी म्हनले. "ते लई जनांनी ऐकलं. तू काय बघितलंस ते सांग."

त्यानं ओल्या पँटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्याचा आवाजच बदलला. "सर, मी एका घरात उभा आहे. चॅनलवरून पाणी ओतलं तर ते उंबरा ओलांडून आत येतंय. माझे कपडे भिजलेत. ह्या बाजूची सगळीच घरं खाली आहेत. जुना रस्ता खोदल्याशिवाय मी इथं सिमेंट टाकणार नाही."

त्यानं फोन आमच्याकडं धरला. मग आतून आवाज आला, "ठीक आहे. त्यांना सांग, आम्ही बघून घेतो."

शेषेरावनं पुन्हा फावड्याकडं हात नेला. मी फोनापाशी तोंड नेलं.

"साहेब, बघनं झालं. आता खोदून देतो म्हना."

"कोण बोलतंय?"

"जिच्या घरात तुमचा मानूस भिजून उभा हाय, ती."

तो म्हनला, "खोदून देतो."

"कवा?"

"आजच मशीन पाठवतो."

"ऐकलं का समद्यांनी?" मी म्हनले. शेषेरावनं खिशातली चावी काढून संगप्पाला दिली. भांडन हुकलं म्हनून शेषेरावचं तोंड मातुर पडलं होतं.

दुपारी खोदायचं मशीन आलं आन गल्लीच्या तोंडापासून जुना रस्ता उकरायला लागलं. सुदर्शन दर घराच्या उंबऱ्यापाशी वाकून माप घेत होता. मोबाईल खिशात होता.

दिवस मावळायला मालक शेतातून आले. उकरलेला रस्ता बघून गालातल्या गालात हासले, पाय धुवायला घागर हालवली, ती रिकामी. आत आले, ओल्या भुईवर जपून पाय टाकत बसले.

"जितलीस म्हन की," म्हनले. "दे, तांब्याभर पानी दे."

मी रांजनाचं झाकन उचलून त्यांना आत बघाय लावलं. तळाला वाटीभर गढूळ ऱ्हायलं होतं.

"समदं पानी त्यांना दाखवायला लागलं," मी म्हनले. "नुसतं सांगून कुनाला कळतंय?"