पाचव्या डब्यातला वास

आमच्या घरात व्हॅनिलाचा वास कुणालाच येत नाही. पाहुणे दारातच डोळे मिटून म्हणतात, काय सुगंधी घर आहे तुमचं, आणि मी मनात म्हणते, बाई, तू नशीबवान. वर्षानुवर्षं आम्ही त्याच शेंगा गरम पाण्यात बुडवतो, घोंगडीत गुंडाळून त्यांना घाम आणतो, उन्हात घालतो, सावलीत घेतो आणि मेणकागद लावलेल्या पत्र्याच्या डब्यांत महिनोन् महिने मुरवतो. नाक तरी किती दिवस दाद देणार? त्याने केव्हाच हात टेकलेत.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. डबा मुरला की नाही, हे डबा भरणाऱ्याने ठरवायचं नाही. त्यासाठी बाहेरचं नाक बोलवायचं. आमचं नाक म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती बाजारात मासळी विकते. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण शिळी मासळी तिच्या गळ्यात मारून दाखवा म्हणावं. सकाळी आंघोळ करून, टोपलीला हात लावायच्या आधी ती यायची, डब्यावर वाकायची आणि एका श्वासात सांगायची: हा झाला, ह्याला अजून गवताचा वास आहे, ह्यात बुरशी धरतेय, आजच निवडा.

यंदा मात्र ती आली नव्हती, कारण आमचं बोलणं बंद होतं. आणि ते बंद पडलं शेंगांच्या भावापायी.

हा भाव कुठे ठरतो ते आम्ही कधी पाहिलं नाही. समुद्रापलीकडे कुठल्याशा बेटावर वादळ होतं, तिथले वेल झोपतात आणि इकडे आमच्या शेंगा महाग होतात. दुसऱ्याचं छप्पर उडाल्यावर आपल्याकडे पैसे येतात, हे मला कधी बरं वाटलं नाही, पण घेतले सगळ्यांनीच. मागे एकदा भाव चांदीला जाऊन टेकला. लोक शेंगा उशाखाली घेऊन झोपायचे. जो उठला त्याने वेल लावले. मग तिकडचे वेल पुन्हा उभे राहिले, इकडचे नवे फळाला आले, आणि तोवर बिस्किटवाल्यांनी कारखान्यातल्या नकली अर्कावर भागवायची सवय करून घेतली होती. भाव असा आपटला की व्यापारी फोन उचलेनात.

तेव्हा दिराने आणि जावेने आपल्या वाटणीचे वेल उपटून टाकले. मी तिला म्हटलं, घाबरट आहात. ती म्हणाली, "पोट माझ्या टोपलीवर भरतं, जाऊबाई, तुमच्या वासावर नाही." झालं, तिथून दोघींनी तोंडं फिरवली.

आता आमचे हेसुद्धा त्याच वाटेवर होते. "उपटू आणि भाजी लावू," रोज तेच. कोयता पाजळून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला होता. येता-जाता मला तो दिसायचा आणि डोकं फिरायचं. ते वेल मी माझ्या हाताने फळाला आणलेत. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उघडतं आणि तेवढ्यात काडीने त्याचं लग्न लावून द्यावं लागतं, नाही तर शेंग धरत नाही. असल्या हजारो लग्नांची मी भटजी.

शेवटी आमच्यात ठरलं. अर्क काढणाऱ्या एका कंपनीची खरेदीवाली बाई येणार होती. तिकडे वादळ होवो नाही तर अजून काही, पुढची तीन वर्षं एकच भाव द्यायची तिची तयारी होती. चांदीचा भाव नव्हे, पण घर चालेल असा. तिला पहिल्या प्रतीचे पाच डबे हवे होते. "एका डब्याला जरी भलता वास आला, तरी मी परत येणार नाही," तिने फोनवर बजावलं होतं. तिने माल घेतला तर वेल राहणार, नाही तर कोयता चालणार.

पाच डबे भरलेले होते, नाक तेवढं नव्हतं. मी मुकाट्याने बाजारात गेले.

जाऊ मासा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "वाट चुकलात वाटतं."

"नाही चुकले. नाक हवंय."

"घाबरटाचं चालेल?"

"चालवून घेईन. मला दुसरं कोण देतंय?"

तिने गिऱ्हाइकाचा मासा तोलला, बांधून दिला, सुट्टे दिले. मला तेवढा वेळ उन्हात उभं केलं, मुद्दाम. मग म्हणाली, "उद्या सकाळी येते. चहा टाकून ठेवा. साखर बेताने. मागच्या खेपेला पाक पाजला होता."

दुसऱ्या दिवशी ती आली, चहा प्यायली आणि डब्यांकडे वळली. पहिले चार तिने भराभर उघडून बंद केले. "छान मुरलेत," म्हणाली, आणि तिच्या तोंडून छान निघणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. पाचव्यावर मात्र थांबली. झाकण लावलं, उघडलं, पुन्हा वाकली.

"ह्यात बाम आहे."

"काय?"

"दुखण्यावर लावायचा बाम. तुमच्या खांद्याचा."

माझा पारा चढला. "खांदा मी दुपारी चोळून घेते आणि आडवी होते. बाम लागल्यावर शेंगेला हात लावत नाही मी."

"चोळून कोण देतं?" तिने विचारलं.

आमचे हे दारात उभे होते. ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले.

"तू झोपलीस की जरा बसायचो," ते म्हणाले. "त्या डब्यातल्या थोड्या शेंगा बोटांत धरून सरळ करायचो, कुरवाळायचो. तुझं तेवढंच काम कमी."

"हात धुवायचे नाहीत?"

"पुसायचो की टॉवेलला."

आणि त्या डब्यातल्या शेंगा लवकर सरळ झालेल्या बघून मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटले होते की माझा हात आता मशीनसारखा चालतो. बामाचा वास मला येणार तरी कसा? तो माझ्याच अंगाचा होऊन बसलेला.

असा राग आला म्हणता, आणि त्या रागातच रडू फुटलं. "चोरून शेंगा कुरवाळता, मग वेल उपटायला कशाला निघालात?"

"वेलांवर माझा राग नाही गं," ते म्हणाले. "तुझा खांदा बघवत नाही. आणि एवढं राबून भाव असा."

जाऊ खिडकीबाहेर बघत बसली. 

तेवढ्यात गाडी वाजली. हे कुजबुजले, "पाचवा सगळ्यांत खाली ठेवू." जाऊ म्हणाली, "मला आला तो तिला येणारच." मी पाचवा डबा उचलला आणि बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवला. आपल्या हाताने आपलेच वेल तोडतेय असं वाटत होतं.

खरेदीवाल्या बाईने चारही डबे हुंगले, शेंगा बोटाला गुंडाळून पाहिल्या. "पाच ठरले होते."

"पाचव्यात बाम आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. टॉवेलसकट.

ती ओट्यावर गेली, वाकली, आणि हसायला लागली ती थांबेचना. "वजन भरायला शेंगेत तारा खुपसलेल्या मला सापडल्यात, बुरशी पुसून दिलेली सापडलीय. बाम पहिल्यांदाच. धरला कुणी?"

"मी," जाऊ म्हणाली. "मासळीवाली."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आमच्याकडे वळली. "चार घेते. पण कंपनीला दरसाल पाच लागतात. पुढच्या वर्षी पाच भरणार असाल तर तीन वर्षांचं पक्कं करते. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे बघते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. दाराजवळ कोयता, आणि त्याच्याखाली हात पाठीमागे बांधून हे.

"सहा देऊ," हे म्हणाले.

"आधी हात धुवायला शिका, दादा," जाऊ म्हणाली.

गाडी गेल्यावर मी कोयता खिळ्यावरून काढला आणि जावेच्या हातात दिला. "मासळीला होईल."

तिने धार बोटाने चाचपली. "एवढा पाजळलेला? तुम्हाला नको?"

"आम्हाला कशाला?"

"बरं. पुढच्या खेपेला निरोप पाठवा. उन्हात उभं नाही करणार."

"केलंस तरी येईन," मी म्हटलं.

त्या दुपारी ह्यांनी नेहमीसारखा खांदा चोळून दिला. मी भिंतीकडे तोंड करून पडले. मोरीत नळ सुटला आणि कितीतरी वेळ वाहत राहिला. साबण दोनदा खाली पडला. मग दबकी पावलं ओट्याकडे गेली आणि पाचव्या डब्याचं झाकण वाजलं. मला झोप लागली नव्हती, पण मी तशीच पडून राहिले.