आज काही कळलं नाही

मी एक जुना फळा आहे, आणि माझी एक मोठी पंचाईत आहे. माझ्यावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही! हसू नका. तुमच्या कपाळावर कुणी काही लिहिलं तर तुम्हाला तरी कुठं दिसेल? खडू कुठून कुठं गेला एवढं मला समजतं. बाकीचं मी वाचणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ओळखतो. त्यामुळे मित्रांनो, माझ्याइतका चौकस फळा अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही.

माझा जन्म सेलूच्या एका सुताराच्या दुकानात झाला. तिथून टेम्पोत आडवा पडून मी मानवतजवळच्या एका गावात, शाळेच्या सातवीच्या वर्गात आलो. काय दिवस होते ते! गणितं, नकाशे, शुद्धलेखन, सगळं माझ्या अंगावरून गेलं. मग वर्गात मोठा टीव्ही आला आणि मला व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. तिथं माझी कदर फक्त एका शेळीने केली. ती रोज येऊन माझ्यावर पाठ घासायची. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

तिथून मला उचललं ते मुख्याध्यापिका राजेश्री मॅडमनी. यंदा शाळेवर वेळच तशी आली होती. गावातली पोरं व्हॅनमध्ये बसून मानवतच्या इंग्रजी शाळेत जायला लागली आणि इथला पट घसरला. पट कमी झाला की शिक्षक जास्त ठरतात, आणि जास्त ठरलेल्या शिक्षकाला म्हणतात 'अतिरिक्त'. त्याला ही शाळा सोडून कुठं जावं लागेल, काही सांगता येत नाही. त्या एका शब्दाने सगळी शिक्षकमंडळी बेजार झाली होती. रोज कुणाच्या तरी फोनवर नवी खबर यायची. यादी निघाली, यादी रद्द झाली, यादीत अमक्याचं नाव आहे! चहा समोर गार होऊन जायचा.

एके दिवशी मॅडमनी मला शिक्षकांच्या खोलीत टांगलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "फोनवरच्या खबरी सोडा आता. मला जे कळेल ते मी रोज सकाळी इथं लिहीन. पण कुणासाठी वाईट बातमी असेल तर ती फळ्यावर नाही. त्याला समोर बसवून मी स्वतः सांगेन. हा माझा शब्द."

तेव्हापासून रोज सकाळी खडू माझ्या अंगावर फिरायला लागला. मजकूर मला कळायचा तो धम्मानंद सरांमुळे. त्यांना दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय. 'काल सहावीच्या मुलांनी पटांगण मोजून क्षेत्रफळ काढलं. शाबास, भागवत सर!' असं त्यांनी वाचलं की गणिताचे भागवत सर लाजून खिडकीबाहेर बघायचे. आणि खाली बहुतेक दिवशी एकच ओळ असायची, 'यादीबद्दल आज काही कळलं नाही.'

मनिषा मॅडमना एकदा हसूच आवरेना. "मॅडम, काही कळलं नाही, हे पण लिहायलात?"

"नाही लिहिलं तर तुम्हाला वाटेल, मी काहीतरी लपवायलेय," राजेश्री मॅडम म्हणाल्या.

मला मोठं नवल वाटलं. ओळीत सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तीच वाचून माणसं निवांत चहाचा कप उचलायची!

मग तो सोमवार उजाडला. धम्मानंद सर रजेवर होते. राजेश्री मॅडमनी घाईघाईत एक लांब ओळ लिहिली आणि त्या मानवतला बैठकीला गेल्या. मागोमाग मनिषा मॅडम धावतपळत आल्या. ओळ जिथं संपली होती त्या बाजूच्या खिळ्याला त्यांनी न बघताच पर्स अडकवली आणि त्या वर्गावर गेल्या. पंख्याच्या वाऱ्याने ती पर्स हलत होती आणि मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

मधल्या सुट्टीत भागवत सर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. अरे बापरे, काय लिहिलंय माझ्यावर? अहो, वाचा की मोठ्याने! पण भागवत सर मनात वाचणारे. त्यांनी डबा पिशवीत टाकला, कपाटातून आपला मोठा लाकडी गुण्या काढला आणि बायकोला फोन लावला.

"निकिता, माझं नाव आलंय गं. 'भागवत सर अतिरिक्त.' सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून टाकलंय! समोर बसवून सांगते म्हणल्या होत्या, आणि हे असं. जाऊ दे. पुण्याचे क्लासवाले नोकरीला बोलवायलेत ना, त्यांना आजच हो म्हणतो. राजीनामा देऊनच घरी येतो."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मॅडम असं करतील? शक्यच नाही! आणि ओळ तर लांब होती. खडू त्याच्या पुढे चांगला दोन वीत चालला होता, मला पक्कं आठवत होतं. मग पुढचं गेलं कुठं? ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फळ्याला कुठलं तोंड?

सरांनी कागदावर चार ओळी खरडल्या, सही केली आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. तेवढ्यात मॅडम दारात.

"कुठं निघालात सर?"

"तुमीच लिहिलंय की, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि लगबगीने येऊन ती पर्स बाजूला केली. काळ्या पर्सवर पांढराशुभ्र खडू! हलता हलता तिने पुढची अक्षरं पुसून टाकली होती. "अहो सर, 'भागवत सर अतिरिक्त वर्ग घेतील, इयत्ता सातवी' असं लिहिलं होतं मी. तुम्हीच मागितला होता ना तो वर्ग!"

"अगं माय, माझी पर्स!" मागून आलेल्या मनिषा मॅडमनी कपाळावर हात मारला.

भागवत सर मटकन खुर्चीत बसले आणि चारचौघांत रडले. "मॅडम, मी एकदा विचारायला पाहिजे होतं."

"आणि मी तो शब्द लिहायला नको होता. तुम्ही सगळे त्याच शब्दाला भ्यायलात, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं." मॅडमनी ओळ पुसून तिथं 'जादा तास' असं लिहिलं, आणि या वेळी स्वतः मोठ्याने वाचलं. सरांनी राजीनामा फाडून टाकला.

यादी दिवाळीनंतर आली. त्या दिवशी मॅडमनी खडूला हात लावला नाही. समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "भागवत सर, जरा बसा." सगळे समजून चुकले. सरांची नेमणूक पूर्णा तालुक्यात, चुडाव्याकडच्या एका शाळेत झाली होती. का झाली, कधी हजर व्हायचं, पगाराचं काय, मॅडमनी काहीच मागे ठेवलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू!

सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "घर सेलूला आहे, तिथून रेल्वेनं जाणं-येणं होईल. त्या दिवशी तुम्ही वेळेवर आल्या नसत्या तर आज नोकरीच नसती, मॅडम."

परवा त्यांचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "मॅडम, इथं अडगळीत एक जुना फळा सापडला. धुऊन आमच्या खोलीत टांगायलोय. पहिल्या दिवशी काय लिहू?"

"जे माहीत आहे ते लिहा, सर. माहीत नसेल तर तसं लिहा."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात धूळ खात पडला असेल. त्याला पुसून भिंतीवर चढवा. आणि त्याच्यावरचं वाचून तुमच्या काळजात धस्स झालं, तर पिशवी भरायच्या आधी लिहिणाऱ्याला गाठा आणि विचारा, "हे तुम्ही एवढंच लिहिलं होतं का?"