क्रियापद नसलेला निरोप

आज पहाटे भाचीचा निरोप फोनवर आला. 'मामा, आईचं विमान परवा. तुला सांगू नको म्हणाली होती, तरी सांगतेय.' पहिल्या वाक्यात क्रियापदच नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला असं वाक्य म्हणजे दातात अडकलेला कण. मी मनातल्या मनात पुढे 'आहे' घातलं आणि सायकलमध्ये हवा भरायला घेतली.

फोन करायचा ना, असं कुणीही म्हणेल. पण धाकटी माझा फोन सहा वर्षं उचलत नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. तिचा नवरा गेला तेव्हा तिनं मला चार पानी पत्र लिहिलं. मी उत्तर धाडलं. सांत्वन वगैरे सगळं रीतसर, आणि खाली ता. क.: "'निधन'मधला 'नि' ऱ्हस्व असतो." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर घरातला माणूस मेला तरी गेली नाही.

आता ती मुलीकडे चालली होती, समुद्रापार, कायमची. त्याआधी तिच्या दारात उभं राहून 'चुकलो' म्हणायचं होतं. एवढंच काम होतं.

उजाडताच निघालो. धाकटीच्या गावाला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यापर्यंत चाळीस किलोमीटर. दर सुट्टीत मी असाच एकटा सायकल घेऊन भटकतो, लोकांना वाटतं हौस आहे. हौस कसली, घरी बसलं की भिंती खायला उठतात. रस्त्यावर निदान चढ असतो, त्याच्याशी भांडता येतं.

वाटेत एका बेकरीत चहा मागितला. बाईनं दोन कप ठेवले आणि दाराकडे पाहिलं. म्हटलं, "एकटाच आहे." तिनं एक कप उचलून नेला. जरा वेळानं बशीत दोन बिस्किटं आणून ठेवली. का कोण जाणे, मला तिचा राग आला.

धक्क्यावर पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. पुढची दीड तासानं. एरवी मी खलाशाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, पण आज घाई नव्हती. परवा म्हणजे अजून दोन दिवस हातात. फलकावर 'सायकलवरुन उतरावे' असं लिहिलं होतं. 'रु' दीर्घ हवा. खिशातल्या पेनकडे हात गेला, तो तसाच मागे घेतला.

बोटीवर सायकल कठड्याला बांधली. शेजारी एक ट्रकवाला डबा उघडून बसला होता. त्यानं विचारलं, "कुठं, बहिणीकडे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दाढी ताजी केलीय, आणि चेहरा मार खायला निघाल्यासारखा."

हसू आलं. मग सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. तो जेवता जेवता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाषण करू नका. नुसतं चुकलो म्हणा आणि गप्प राहा. कधी जाणार आहे ती?"

"परवा."

"मग काय, वेळ आहे." त्यानं डब्याचं झाकण लावलं. पलीकडे उतरल्यावर त्यानं हात केला, ट्रक वळला, आणि मी पुन्हा एकटा. चढावर सायकल ढकलत 'चुकलो' हा शब्द म्हणून पाहिला. दर वेळी तो खोटा वाटत होता.

तिच्या घराला कुलूप होतं. खिडक्यांचे पडदे उतरवलेले, आतली जमीन मोकळी दिसत होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ कपडे वाळत घालत होते. मी विचारलं तसे म्हणाले, "बाई? परवाच गेल्या की."

परवा. पुढचाही परवाच आणि मागचाही परवाच. भाचीनं 'होतं' गाळलं होतं आणि मी 'आहे' घातलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि हा एक शब्द मला वाचता आला नाही. मी पायरीवर बसलो.

"तुम्ही त्यांचे दादा का?" त्यांनी पाणी आणून दिलं. ते निवृत्त शाळामास्तर निघाले. "तुम्हाला पत्र लिहीत होत्या. महिनाभर चाललं होतं. तीनदा माझ्याकडून तपासून घेतलं. तिसऱ्या वेळी एकही चूक नव्हती."

"मग पाठवलं का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, राहू द्या मास्तर, दादाला एखादी सापडेलच. आणि फाडून टाकलं."

मी पेला पायरीवर ठेवला. मग विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात?"

मास्तर आठवायला लागले. हातातला ओला टॉवेल तसाच धरून त्यांनी बरंच आठवून पाहिलं आणि ओशाळले. "खरं सांगू? तपासताना मजकुराकडे लक्ष कुठं असतं. मी आपलं ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो."

मी मान हलवली. त्या माणसाला मी काय बोलणार. तिच्या त्या चार पानांत तिनं नवऱ्याबद्दल काय काय लिहिलं होतं, ते मला तरी कुठं आठवत होतं.