भुरी लागलेला गुलाब

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच दिवशी त्याला बागेत तिच्या कोपऱ्यातल्या गुलाबावर भुरी दिसली. पानांवर पीठ सांडावं तशी पांढरी बुरशी. ती असती तर एकेक पान अंगठ्याने पुसत बसली असती. त्याने हात लावला नाही. तरी रोज सकाळी काही पानं पुसलेली दिसू लागली.

"भावोजी, झाड कापा, नाहीतर सगळी बाग जाईल," मेहुणी म्हणाली. "की ताईची परवानगी हवीय?"

"पानं तूच पुसतेस ना?"

"मला दुसरी कामं नाहीत होय?"

त्याने फांदीला कात्री लावली. समोरच्या पानावरची भुरी त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू पुसली गेली, अंगठ्याएवढी.

आता बाकीच्या गुलाबांवरही भुरी पसरली आहे. ते झाड कापायचं मात्र अजून राहिलं आहे.